प्रबंध कोणापुढे मांडायचा?

१

दोन वर्षांपूर्वी माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली. ही परीक्षा खुली असते असे म्हणतात. माझ्या परीक्षेची सूचनाही रीतसर विभागाच्या फलकावर लावण्यात आली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी, विभाग बंद होताना ती लावली गेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परीक्षा सुरू झाली तेव्हा खोलीत आम्ही नऊ माणसे होतो. त्यांतील दोघे चहाची व्यवस्था पाहण्यासाठी थांबले होते.

माझा विषय होता एका तालुक्यातील महार वतनाच्या जमिनी आणि १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्यानंतर त्यांचे काय झाले हा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तीन-चार प्रश्न विचारले. एक प्रश्न साधनांबद्दल होता, एक कालखंडाबद्दल. एकाने विचारले, "तुम्ही स्वतः याच समाजातले आहात, तेव्हा तुमच्या लेखनात तटस्थता कितपत आली?" मी जे उत्तर द्यायचे ते दिले. सावकाराच्या घराण्यातल्या संशोधकाने सावकारीवर प्रबंध लिहिला तर त्याला हा प्रश्न विचारला जातो काय, असे मनात आले होते. ते बोललो नाही. पाऊण तासात सगळे आटोपले. टाळ्या झाल्या, पेढे वाटले.

रात्री आबांना फोन केला. आबांचे शिक्षण दुसरीपर्यंत. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून त्यांनी मला शिकवले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "काय काय इचारलं तुला?" मी सांगितले. मग ते म्हणाले, "आपल्यातलं कोन हुतं तिथं?"

मी गप्प राहिलो. ज्यांच्या जमिनींवर मी साडेचारशे पाने लिहिली त्यांतला एकही माणूस त्या खोलीत नव्हता. मी कोणाला बोलावलेही नव्हते. खुली परीक्षा म्हणजे काय याचा विचारच मी केला नव्हता. आबांच्या त्या प्रश्नातून प्रस्तुत लेख निघाला आहे. प्रबंध कोणापुढे मांडायचा, त्याची प्रसिद्धी कशाला म्हणायचे, आणि त्याचे समर्थन करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे प्रश्न आपल्या चळवळीला नवे नाहीत. त्यांचा इतिहास आहे, आणि तो आपण नीट वाचलेला नाही.

२

विद्यापीठांचा इतिहास सांगणारे मध्ययुगीन युरोपातील जाहीर वादसभांपासून आरंभ करतात. उमेदवाराने आपली विधाने मांडायची आणि जमलेल्यांनी ती खोडून काढण्याचा प्रयत्न करायचा, अशी ती पद्धत. नेदरलँड, स्वीडन यांसारख्या देशांत प्रबंधाचे जाहीर समर्थन हा आजही समारंभपूर्वक पाळला जाणारा रिवाज आहे. आपल्याकडेही शास्त्रार्थाची परंपरा होती असे अभिमानाने सांगितले जाते. होती, पण त्या सभेच्या दाराशी आपले पूर्वज उभे राहू शकत नव्हते, हे सांगायचे राहून जाते. वाद करण्याचा अधिकार आणि ऐकण्याचा अधिकार हे दोन्ही जातीने ठरत होते. तेव्हा आपल्यापुरता या गोष्टीचा आरंभ दुसरीकडे शोधला पाहिजे.

मला तो महात्मा जोतीराव फुले यांच्यापाशी सापडतो. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. हा ग्रंथ म्हणजे आजच्या भाषेत शेती-अर्थव्यवस्थेवरील संशोधनच आहे. शेतसारा, पाटबंधारे, जंगलखाते, कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि या सर्वांतून शेतकऱ्याचे होणारे शोषण यांची त्यात तपशीलवार मांडणी आहे. परंतु माझ्या दृष्टीने त्याच्या उपोद्घातात दिलेली एक माहिती तितकीच मोलाची आहे. ग्रंथ लिहीत असतानाच जोतीरावांनी त्याचे भाग मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापुढेच ते आधी मांडले. शेतकऱ्याच्या स्थितीचे वर्णन खरे आहे की नाही, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांनी शेतकऱ्याला दिला.

छापण्याच्या बाबतीत मात्र ग्रंथाच्या वाट्याला वेगळेच आले. 'दीनबंधु'ने, म्हणजे आपल्याच चळवळीच्या पत्राने, त्याची आरंभीची प्रकरणे छापली आणि पुढची छापायचे थांबवले. संपूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत छापून निघाला नाही. म्हणजे सत्य मांडणाऱ्याला छापखाना नाकारला जातो, आणि कधीकधी आपलाच माणूस तो नाकारतो, हाही धडा येथेच मिळतो. पण छापखान्याने नाकारलेला हा ग्रंथ त्याआधीच गावोगावी ऐकला गेला होता. त्याचे प्रकाशन राहिले, प्रसिद्धी झाली होती.

आणखी एक गोष्ट. 'असूड' ज्यांनी जोतीरावांकडून वाचून घेऊन ऐकला त्यांत बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते. तेव्हा ते विशीतले होते. त्यानंतर तीस वर्षांनी, १९१३ साली, याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. इतिहासात असे धागे पुष्कळदा योगायोगाचे असतात. हा धागा मला निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. शेतकऱ्याची कैफियत ऐकून घेणारा कान आणि अस्पृश्य विद्यार्थ्याला परदेशी पाठवणारा हात एकाच माणसाचे होते.

३

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या मुलांना पाठ असते. त्या पदव्यांमागील प्रबंधांचा प्रवास मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. तो येथे क्रमाने मांडतो.

१९१५ साली ते कोलंबियाचे एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. वय पंचवीस. जात ही बंदिस्त झालेला वर्ग आहे आणि जातीबाहेर विवाह न करण्याचे बंधन हा तिचा कणा आहे, हे त्यांचे प्रतिपादन. ऐकणारे परके होते. जातीचा चटका त्यांतल्या कोणाला बसलेला नव्हता. तरीही बाबासाहेबांनी तेथे स्वतःच्या दुःखाची कहाणी सांगितली नाही, सिद्धान्त मांडला. निबंधाच्या अखेरीस आपली मते अंतिम नाहीत आणि ती टिकत नाहीत असे दाखवून दिल्यास ती सोडण्याची आपली तयारी आहे, असेही त्यांनी नमूद केले. ज्याला जन्मभर प्रत्येक गोष्टीसाठी झगडावे लागले त्या माणसाचे हे उद्गार आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. समर्थन म्हणजे हट्ट नव्हे, हे त्यांनी पहिल्याच जाहीर वाचनात दाखवले. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

१९१६ सालीच त्यांनी कोलंबियाला पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. पण पदवी लगेच हाती आली नाही. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्याव्यात आणि मग पदवी घ्यावी, असा त्या काळी तेथील नियम होता. नियमामागचा हेतू चांगला होता. ज्ञान कपाटात पडू नये, जगापुढे यावे, हा तो हेतू. पण छपाईला पैसा लागतो. सुखवस्तू घरच्या विद्यार्थ्याला हा नियम ओलांडायला काही महिने लागत असतील. बाबासाहेबांना अकरा वर्षे लागली.

या अकरा वर्षांत काय काय घडले? १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मागून येणारे त्यांचे सामान पुस्तकांसह युद्धात बुडालेल्या बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेले. कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून राहिले; तेथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबियात प्रबंध सादर करून आलेला हा विद्वान बडोद्याच्या कमाठी बागेत आसरा नसलेल्या माणसासारखा बसून राहिला. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातून पै-पै साठवून, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

कोलंबियाचा प्रबंध अखेर १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने ग्रंथरूपाने काढला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा विकास हा त्याचा विषय. त्याला प्रस्तावना दिली कोलंबियातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी, आणि ग्रंथ अर्पण केला तो सयाजीरावांना. पीएच.डी. विधिवत मिळाली १९२७ साली. हेच महाडच्या चवदार तळ्याचे वर्ष, आणि मनुस्मृती जाळली तेही हेच वर्ष. पदवीची बातमी आली तेव्हा तिचा धनी पाण्याच्या हक्काची लढाई लढत होता.

४

लंडनच्या प्रबंधाची हकीकत याहून बोलकी आहे. १९२१ साली एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला. विषय वरवर रुक्ष दिसतो. १८७३ नंतर चांदीचा भाव घसरत गेला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद केल्या. आणि पुढे रुपया सोन्याशी विनिमयाच्या दराने बांधण्याची व्यवस्था आली. या व्यवस्थेचा पुरस्कार जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात केला होता. बाबासाहेबांनी तिच्यावर हल्ला चढवला. रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले की चलन फुगते, चलन फुगले की भाव चढतात, आणि भाव चढले की ज्याच्याजवळ रोजच्या मजुरीखेरीज काही नाही तो भरडला जातो. विनिमयाचा दर स्थिर राहिला म्हणजे सगळे ठीक चालले, असे मानणाऱ्यांना त्यांनी विचारले की रुपयात देशातल्या माणसाला काय आणि किती विकत मिळते याचे काय? चलनाच्या शास्त्रात शिरलेला हा प्रश्न गिरणगावातल्या चाळीत राहिलेल्या माणसाचा होता.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. ब्रिटिश धोरणावरील टीका झोंबल्यामुळे हे घडले असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे. बाबासाहेबांजवळचा पैसा संपत आला होता. ते एप्रिलमध्ये मुंबईला परतले, येथे बसून प्रबंधाची फेरमांडणी केली आणि ऑगस्टमध्ये तो लंडनला धाडला. निष्कर्ष बदलले नाहीत, असे कीरच सांगतात. नोव्हेंबरमध्ये प्रबंध स्वीकारला गेला आणि डिसेंबर १९२३ मध्ये पुस्तक प्रसिद्धही झाले. कोलंबियाच्या वेळी जी दिरंगाई सोसावी लागली ती त्यांनी येथे होऊ दिली नाही. हा ग्रंथ त्यांनी आपल्या दिवंगत आईवडिलांना अर्पण केला.

या पुस्तकाला लंडनमधील त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. ती प्रत्येक संशोधकाने वाचावी. कॅनन यांनी आपल्या शिष्याची सरसकट स्तुती केलेली नाही. त्याच्या टीकेतील पुष्कळ गोष्टी आपल्याला मान्य नाहीत असे ते स्पष्ट म्हणतात, आणि तरीही त्याच्या मांडणीतील ताजेपणाची दाद देतात. शिष्याने हा मतभेद आपल्याच पुस्तकाच्या आरंभी छापू दिला. आज आपल्याकडे पुस्तकाला प्रस्तावना मागताना आपण काय मागतो? सत्यासाठी मतभेद छापण्याचे धैर्य आपल्यात किती आहे?

आणि या समर्थनाचा शेवट विद्यापीठात झाला नाही. हिंदी चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांची साक्ष झाली. प्रबंधातील विधाने त्यांनी तेथे, राज्यकर्त्यांच्या प्रश्नांना तोंड देत, पुन्हा मांडली. परीक्षकांनी मागे पाठवलेला विषय दोन वर्षांत साम्राज्याच्या आयोगापुढे उभा राहिला. खुले समर्थन म्हणतात ते याला.

५

पण याच कालखंडात बाबासाहेब दुसऱ्याही सभेपुढे उभे राहत होते, आणि ती बाजू विसरून चालणार नाही. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराबद्दल साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले, म्हणजे दुसऱ्यांदा लंडनला जाण्याच्या केवळ काही महिने आधी. ज्याला प्रबंध पुरा करण्याची घाई होती, ज्याच्या गाठीला पैसा नव्हता, त्याने आधी मराठी पाक्षिक काढले. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिल्याचे कीरांनी नोंदवले आहे. प्रसिद्धीचे दार आपल्यासाठी कसे बंद असते याचा आणखी कोणता पुरावा हवा?

पुढे १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण आधी वाचून पाहिले, त्यातील विचार न पेलल्यामुळे परिषदच रद्द केली. तेव्हा त्यांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गुजराती, तमिळमध्ये त्याची भाषांतरे झाली, इतर भाषांत होऊ लागली. १९१६ च्या चर्चासत्रात मोजक्या विद्वानांपुढे मांडलेला जातीविषयीचा विचार वीस वर्षांनी असा भारतीय भाषांतून फिरू लागला. व्यासपीठ नाकारले गेले तर छापखाना, छापखाना नाकारला गेला तर सभा, सभा नाकारली गेली तर पुन्हा पुस्तक, असा हा प्रवास आहे.

त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की प्रांतिक वित्त आणि रुपया यांवरील ग्रंथ आपल्या सामान्य वाचकापर्यंत फार काळ पोहोचले नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ साली निघाला. अर्थशास्त्रीय ग्रंथ असलेला सहावा खंड १९८९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली आला, तेव्हा कुठे ते इंग्रजीतून का होईना पण सहज विकत घेण्याजोगे झाले. आपल्या चळवळीवरील संशोधनाचीही हीच कथा. एलिनॉर झेलिएट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर प्रबंध दिला. तो पुस्तकरूपाने यायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. तोवर अभ्यासक त्याच्या छायाप्रती एकमेकांकडून मागून वाचत. गेल ऑम्वेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरील १९७३ चा प्रबंध मात्र १९७६ मध्येच पुस्तक झाला आणि कार्यकर्त्यांच्या वादविवादात उतरला. जो प्रबंध लोकांत आला त्याच्याशी लोकांना भांडता आले. जो कपाटात राहिला त्याचा आदर झाला, पण त्याच्याशी भांडण झाले नाही.

६

आता आजची स्थिती पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.चे नियम केले, २०१६ आणि २०२२ मध्ये ते बदलले. प्रबंधाची प्रत आता 'शोधगंगा' या संकेतभांडारात ठेवली जाते. कोणालाही ती घरबसल्या उघडता येते. कोलंबियाच्या छपाईच्या अटीपायी बाबासाहेबांची जी अकरा वर्षे गेली ती आज कोणाची जायला नकोत. ही प्रगती नाकारण्यात अर्थ नाही.

पण २०१६ च्या नियमातील शब्द नीट वाचा. मौखिक परीक्षा खुली, पण कोणासाठी? सल्लागार समितीचे सदस्य, विभागातील अध्यापक, इतर संशोधक विद्यार्थी आणि जिज्ञासू तज्ज्ञ व संशोधक यांच्यासाठी. ज्यांच्या जगण्यावर प्रबंध लिहिला त्यांचा या यादीत उल्लेख नाही. शोधगंगेत प्रत आहे, पण पुष्कळशी इंग्रजीत आहे. माझीही इंग्रजीतच आहे. प्रबंधापूर्वी संशोधनपर लेख छापण्याची अट होती, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवली, आणि पहिल्या पिढीतल्या, मार्गदर्शन नसलेल्या मुलांनीच त्यांच्यावर सर्वांत जास्त पैसे घालवले. २०२२ मध्ये ती अट निघाली. प्रसिद्धी नियमाने सक्तीची केली की तिचे असे होते.

दोष केवळ व्यवस्थेचा नाही. पदवी मिळाली तेव्हा माझ्या गावच्या फाट्यावर माझ्या फोटोचा मोठा फलक लागला. खाली चाळीस जणांची नावे होती. सत्कार झाले, शाली मिळाल्या. एकाही सत्कारात मला कोणी विचारले नाही की बाबा, तू लिहिलेस तरी काय? आणि मीही सांगितले नाही. प्रसिद्धी पदवीची झाली, प्रबंधाची झाली नाही. शिकून मोठे झालेले लोक आपल्याला सोडून गेले, अशी खंत बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस व्यक्त केली होती. ती आपण दुसऱ्यांना उद्देशून वापरतो. स्वतःला लावून पाहिली पाहिजे.

७

आबांच्या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. परीक्षेनंतर दोन महिन्यांनी मी प्रबंधाचा सारांश मराठीत लिहून काढला आणि गावच्या विहारात एका पौर्णिमेला वाचून दाखवला. साठ-सत्तर माणसे होती. बायका जास्त. जोतीरावांनी केले ते मी जवळजवळ दीडशे वर्षांनी करीत होतो, आणि माझे पाय कापत होते. विद्यापीठाच्या खोलीत ते कापले नव्हते.

चौथ्या प्रकरणाशी आलो. १९५८ च्या कायद्याने वतन संपले. जमिनी सरकारजमा होऊन ठराविक रक्कम मुदतीत भरणाऱ्या वतनदारांना त्या पुन्हा देण्याची तरतूद होती. माझ्या तालुक्यातील पुष्कळ कुटुंबांनी ही रक्कम मुदतीत भरली नाही. कचेरीतल्या नोंदींवरून मी लिहिले होते की सूचना प्रसिद्ध होऊनही वतनदारांनी उदासीनता दाखवली. 'उदासीनता' हा शब्द मी वाचला आणि मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजीने हात वर केला.

"लेकरा, सूचना कुठं लावली हुती?"

"चावडीवर," मी म्हणालो. "तशी नोंद आहे."

"मंग कोन वाचणार? दीक्षा घेतल्यावर आमच्या मानसांनी गावकीची कामं टाकली. चावडीची पायरी चढायची न्हाई असं ठरलं हुतं. त्यापायी गावानं किराणा बंद केला, दळान बंद केलं. आनि तू म्हनतूस आमाला जमीन नकू हुती?"

विहारात शांतता झाली. मग एकेक जण बोलू लागला. कोणाच्या आजोबांना मुदत संपल्यावर कळले. कोणी भरण्यासाठी पैसे दुसऱ्याच्या हाती दिले, ते पोहोचले नाहीत. एका मध्यमवयीन माणसाने मला बाजूला घेऊन सांगितले की कोणाची जमीन आज कोणाच्या ताब्यात आहे ते नावानिशी छापू नका, आमच्या पोरांना इथेच राहायचे आहे. हाही प्रश्न परीक्षकांनी विचारला नव्हता. संशोधकाला घाबरण्याचे कारण नसते. त्याच्या प्रबंधातल्या माणसांना असते.

घरी येऊन मी पुन्हा नोंदी काढल्या. सूचना चावडीवर लावल्याची नोंद आहे. ती कोणाला वाचून दाखवल्याची नोंद नाही. बहिष्काराचा उल्लेख कचेरीच्या कागदांत नाही, आणि तो का नसावा हे आता मला कळते. मी कागद वाचला होता. कागद लावला त्या भिंतीपर्यंत कोण जाऊ शकत होते, हे वाचले नव्हते. आणि माझ्या स्वतःच्या परीक्षेची सूचना? तीही फलकावर लावलेली होती. नियम पाळला गेला होता. उद्या एखाद्या संशोधकाने विभागाची कागदपत्रे चाळली तर तोही लिहील की सूचना प्रसिद्ध होऊनही त्या तालुक्यातील लोकांनी या परीक्षेबाबत उदासीनता दाखवली.

म्हणून येथे, आपल्या या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे, मी जाहीर करतो की माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातील ते विधान चुकीचे आहे. वतनदारांची उदासीनता हे जमिनी जाण्याचे कारण नव्हते. गुलामीची कामे सोडण्याची त्यांनी जी किंमत मोजली, तिच्यात त्या जमिनी होत्या. पदवी मिळालेल्या प्रबंधात आता एक अक्षर बदलता येत नाही. पण सिद्धान्त टिकत नसेल तर तो सोडण्याची तयारी ठेवावी, हे पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी १९१६ मध्ये सांगून ठेवले आहे. त्यांच्या नावाने सत्कार घेणाऱ्याने एवढे तरी पाळावे.

आपल्या संशोधक मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. विद्यापीठापुढे समर्थन कराच, ते चोख करा. बाबासाहेबांनी लंडनमध्ये केले तसे, निष्कर्ष न विकता करा. पण ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापुढे त्यांच्या भाषेत प्रबंध वाचल्याशिवाय तो पुरा झाला असे मानू नका. शक्य असेल तर परीक्षेच्या आधी वाचा. मी नंतर वाचला, ही माझी चूक. आणि परीक्षेची सूचना फलकावर लावून थांबू नका. घरोघर जाऊन सांगा.

प्रबंधाचे मराठी रूप मी आता नव्याने लिहीत आहे. चौथे प्रकरण विहारात पुन्हा वाचून झाल्यावरच ते छापायला देणार आहे. या वेळी आबा पुढच्या रांगेत बसणार आहेत. त्यांनी तसे बजावून सांगितले आहे.